दाडिम, अनार आणि डाळिंब : एका फळाच्या गुणकीर्तीचा इतिहास

डाळिंबाच्या आरोग्यगुणांविषयी आज जे लिहिले जाते त्यात चरकसंहिता आणि आधुनिक प्रयोगशाळा ही दोन प्रमाणे बहुधा एकत्र जोडलेली आढळतात. प्राचीनांनी जाणले तेच आज सिद्ध झाले, असा या जोडणीचा आशय असतो. हा आशय कितपत ग्राह्य आहे, याचा निर्णय साधनांच्या तपासणीनेच करावयास हवा.

प्रथम नामांचा विचार. संस्कृत ‘दाडिम’ यापासून मराठी ‘डाळिंब’ आले. ‘अनार’ हा शब्द फारसीचा. अमरकोशात ‘करक’ आणि ‘दाडिम’ हे पर्याय दिले आहेत. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगानेही हे फळ येथे सर्वत्र होत असल्याची नोंद केली आहे. इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हे या वृक्षाचे मूलस्थान मानले जाते आणि हिमालयाच्या पश्चिम उतारांवर तो आजही रानटी स्थितीत आढळतो. तेव्हा ‘अनार’ हे नाव रूढ होण्यापूर्वी कित्येक शतके हे फळ भारतीयांच्या परिचयाचे होते, यात शंका नाही.

आता वैद्यकग्रंथांकडे वळू. चरकाने दाडिमाची गणना हृद्य व छर्दिनिग्रहण, म्हणजे हृदयास हितकर व वांती थांबविणाऱ्या, द्रव्यांच्या गणांत केली आहे. मात्र हृद्यगणात त्याच्या शेजारी आंबा, बोर, करवंद, महाळुंग अशी बहुतांशी आंबट फळेच आहेत. ‘हृद्य’ शब्दात मनास रुचणारे हाही अर्थ अंतर्भूत असल्याने, त्यावरून रक्तवाहिन्यांच्या आधुनिक विकारांवरील औषध असा अर्थ काढणे धाडसाचे होईल. सुश्रुताने दाडिमाचे मधुर व अम्ल असे दोन प्रकार सांगितले. सोळाव्या शतकातील भावमिश्राने मधुराम्ल हा तिसरा प्रकार जोडला आणि तिघांचे गुण निरनिराळे ठरविले. केवळ आंबट फळ त्याच्या मते पित्तकारक आहे. दाडिमाष्टक चूर्णाचा उपयोग अतिसार, अरुची अशा पचनाच्या तक्रारींत होतो. सारांश, या शास्त्राने डाळिंबाची सरसकट स्तुती केलेली नाही; प्रकार, अंग आणि विकार पाहून त्याची योजना केली आहे.

अशा नेमक्या योजनेस पाश्चात्त्य इतिहासातही एक उदाहरण आहे. मुळाच्या सालीचा काढा पोटातील पट्टकृमी पाडतो, हे ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ यास ठाऊक होते. पुढे युरोपात हा उपचार विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील इंग्रज वैद्यांनी तो येथील लोकांच्या प्रत्यक्ष वापरात पाहिला आणि तेथून तो पुन्हा युरोपीय औषधशास्त्रात गेला. 1878 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ तांरे याने त्या सालीतील अल्कलॉइड वेगळे केले व पेल्तिए या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ त्यास पेलेटिएरिन असे नाव दिले. ही साल अधिक मात्रेत विषारी ठरते; म्हणूनच सुरक्षित औषधे येताच तिचा वापर मागे पडला.

सांस्कृतिक महत्त्वाचा प्रवाह मात्र निराळा आहे. असंख्य दाण्यांमुळे हे फळ अनेक देशांत संततीचे व समृद्धीचे चिन्ह झाले. चीनमध्ये त्याचा हाच संकेत आहे. इराणात वर्षातील सर्वांत दीर्घ रात्री, यल्दाच्या उत्सवात, ते ताटात असते. यहुदी महापुरोहिताच्या वस्त्राच्या काठास डाळिंबाच्या आकृती लावण्याची आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. महाराष्ट्रात गणेशचतुर्थीस वाहावयाच्या एकवीस पत्रींत डाळिंबाच्या पानाला स्थान आहे. हे सर्व मान फळाच्या रूपास व पूजापरंपरेस मिळालेले आहेत. औषधी गुणांचा पुरावा म्हणून ते पुढे करता येत नाहीत.

विसाव्या शतकात या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा झाला. 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला वाण पुढे ‘गणेश’ नावाने प्रसिद्ध झाला. 2005 मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, तर 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. अवर्षणप्रवण भागातील कित्येक कुटुंबांचे जीवन आज या पिकावर, आणि पर्यायाने त्याच्या गुणकीर्तीवरही, अवलंबून आहे.

म्हणूनच त्या कीर्तीची सत्यता महत्त्वाची ठरते. डाळिंबाच्या सालीत व रसात प्युनिकॅलॅजिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्ये आहेत, हे निश्चित आहे. रसामुळे रक्तदाब थोडा उतरतो असे काही प्रयोगांत दिसले; पण ते प्रयोग बहुधा लहान होते. हृद्रोग व प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी जाहिरातींतून केलेल्या दाव्यांवरून अमेरिकेतील एका मोठ्या रसउत्पादकाविरुद्ध तेथील व्यापार आयोगाने 2010 मध्ये कारवाई केली. पुरेशा पुराव्याअभावी ते दावे दिशाभूल करणारे आहेत, हा आयोगाचा निर्णय 2015 मध्ये अपील न्यायालयाने मुख्यतः कायम ठेवला.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, डाळिंबाची प्राचीन कीर्ती मर्यादित व सशर्त होती. तिला सर्वरोगहारी स्वरूप अर्वाचीन काळाने दिले. जुन्या ग्रंथांचा खरा गौरव त्यांनी घातलेल्या मर्यादांसह ते वाचण्यात आहे.