लहान शहराचा जमाखर्च

खेडे बरे की शहर बरे, हा वाद मराठी वाचकांस नवा नाही. शाळेतील निबंधापासून व्याख्यानमालेच्या व्यासपीठापर्यंत तो अनेकवार रंगला आहे. परंतु या वादात एक पक्षकार नेहमी गैरहजर राहतो. जे खेडे नव्हे आणि मुंबई-पुणेही नव्हे; जेथे पेठा आहेत, वाचनालय आहे, नाट्यगृह आहे, आगगाडीचे स्टेशन आहे, आणि तरीही ज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस पायी जाऊ शकतो, अशा मधल्या गावाची बाजू क्वचितच कोणी मांडतो. वास्तविक महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासातील कितीतरी गोष्टींचा आरंभ अशा लहान शहरांत झाला आहे. तो तेथेच का झाला, आणि त्यांपैकी पुष्कळांची वाढ मात्र अन्यत्र का झाली, हे दोन प्रश्न एकत्र पाहिले म्हणजे लहान शहरातील वास्तव्याचा जमाखर्च नीट मांडता येतो. कृष्णाकाठची सांगली आणि तिच्यापासून अवघ्या तीन कोसांच्या आत असलेली मिरज, ही जोडी या हिशेबास फार सोयीची आहे.

मिरज हे जुने ठाणे. तेथील किल्ला व मीरासाहेबांचा दर्गा पेशवाईहून प्राचीन. सांगली त्या मानाने अगदी अलीकडची. १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी चुलत्यांपासून वेगळे होऊन सांगलीस आपली राजधानी केली. तोपर्यंत तिची गणना लहान गावांतच होत असे. नवी राजधानी वसवावयाची म्हणजे केवळ वाडा आणि कोट बांधून भागत नाही. व्यापारी, कारागीर, शास्त्री, वैद्य, गवई यांस बोलावून आणावे लागते, त्यांस जागा द्यावी लागते, त्यांचा योगक्षेम चालवावा लागतो. अप्पासाहेबांनी गणपतीचे मंदिर उभारले, पेठा वसविल्या आणि गुणी माणसे पदरी बाळगली. त्यांत विष्णु अमृत भावे नावाचा एक तरुण होता.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून अप्पासाहेबांच्या मनात आले की, असे काही आपल्या मराठी भाषेत व्हावे, आणि त्यांनी ते काम भाव्यांवर सोपविले. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ हा खेळ सांगलीत झाला आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. या घटनेत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याच्या मनात कल्पना आली तो राजा आणि ज्याच्या हातात ती साकार करण्याची कला होती तो तरुण, या दोघांमध्ये एका आज्ञेचेच काय ते अंतर होते. मध्ये अर्जविनंत्यांची रांग नव्हती, मंडळे नव्हती, प्रतिस्पर्ध्यांची गर्दी नव्हती. लहान शहराचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ तो हाच. तेथे गुण नजरेस पडावयास वेळ लागत नाही, आणि ज्याच्या हाती साधन आहे त्याच्यापर्यंत पोचावयास फार पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

परंतु जमेच्या याच रकमेसमोर खर्चाची पहिली रक्कमही लिहावी लागते. १८५१ साली अप्पासाहेब निवर्तले, आणि भाव्यांच्या नाटकमंडळीचा आधार तुटला. राजाश्रयाचे एकच दार होते. ते बंद होताच त्या शहरात दुसरे उघडे दार उरले नाही. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. तेथे कोणी एक धनी नव्हता. तिकीट काढून येणारा हरएक प्रेक्षक थोडाथोडा धनी होता. एक प्रेक्षक रुसला तरी दुसरा येई. ज्या रंगभूमीस सांगलीने जन्म दिला, तिला पोटापुरते अन्न मुंबईने दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मुंबईचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. पण मुंबईपाशी तिकीटघर होते म्हणून ‘सीतास्वयंवर’ मुंबईत निर्माण झाले नाही, हेही विसरता कामा नये.

हाच अनुभव संगीताच्या क्षेत्रात मिरजेने घेतला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे डोळे बालपणी दारूकामाने दुखावले. उपचारासाठी त्यांस मिरजेस आणण्यात आले. दृष्टी पूर्ववत् झाली नाही; मात्र मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा थोर गुरू त्यांस लाभला. लहान संस्थानातील हा योग मुंबईत जुळून आला असता काय, याची शंकाच आहे. एका मुलाच्या डोळ्यांची चिंता आणि त्याच्या गळ्याची पारख, दोन्ही एकाच वाड्यात व्हाव्यात, हे लहान गावातच घडते.

तरीही १८९६ साली पलुस्करांनी मिरज सोडली. दरबारी समारंभाचे आमंत्रण शिष्यास मिळावे आणि गुरूस मिळू नये, हा गवयांचा अनादर त्यांच्या जिव्हारी लागला, असे सांगतात. कथेचा तपशील काहीही असो, तिचे मर्म खरे आहे. जेथे सर्वजण सर्वांस ओळखतात तेथे प्रत्येकाची पायरी ठरून गेलेली असते. दरबारातील गवई कितीही मोठा झाला तरी तो अखेर पदरचा गवई. ही ठरलेली पायरी ओलांडावयाची तर गावच ओलांडावे लागते. पलुस्करांनी १९०१ साली दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये ते मुंबईस आणले. गवयास समाजात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे त्यांचे कार्य मिरजेत राहून झाले नसते. लहान शहर माणसास ओळखते, हा त्याचा गुण. परंतु एकदा केलेली ओळख ते सहसा बदलत नाही, हा त्याचा दोष.

मात्र सर्वच प्रवास लहान गावाकडून मोठ्याकडे झाले असे नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा प्रवास उलट दिशेचा होता. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते, हिंदुस्थानभर त्यांचे नाव होते, मैफलींची वाण नव्हती. तरी वास्तव्यासाठी त्यांनी मिरज निवडली. पूर्वी प्लेगाच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेने आपण उठलो, ही त्यांची श्रद्धा होती. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे होणारी संगीतसभा ही आज मिरजेची ओळख होऊन बसली आहे. कीर्ती बाहेर मिळवावी आणि विसावा येथे घ्यावा, असा हा संसार. ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याला लहान शहरासारखे घर नाही. नाव व्हावयाचे आहे त्याची गोष्ट निराळी. खाँसाहेबांच्याच कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या, पण त्यांची कारकीर्द पुण्या-मुंबईत फुलली.

गवयांच्या पाठोपाठ वाद्यांचा विचार ओघानेच येतो. मिरजेतील शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. तलवारींचे दिवस सरले होते आणि संस्थानात गवयांची ये-जा वाढली होती. फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात. भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढे भागातील मोठे भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे, त्यांस लाकडाची दांडी जोडावयाची, आणि शेवटी तंबोऱ्याची जवारी लावावयाची. घोडीच्या पृष्ठभागास कानसेने इतका सूक्ष्म उतार द्यावयाचा की तारेतून स्वर गुंजत बाहेर पडावा, असे हे काम. ते पुस्तकात वाचून येत नाही. बाप कानसतो आणि मुलगा ऐकतो, अशी त्याची शाळा. एकाच गल्लीत चार घरे तेच काम करीत असली म्हणजे विद्या टिकते. मोठ्या शहरातील जागेच्या भाड्यात अशी गल्ली टिकणे कठीण. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ते या गल्लीच्या चिकाटीचे फळ होय.

वैद्यकातही मिरजेचा असाच लौकिक झाला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे इस्पितळ सुरू केले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. पुणे, बेळगाव व कोल्हापूर या तिन्ही वाटा तेथे मिळत. रोगी दुरून येऊ शके आणि आल्यावर थोडक्या खर्चात राहू शके. मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर मुंबई गाठली पाहिजे, ही समजूत मिरजेने मोडली. पुढे शेजारच्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि त्या वस्तीस वानलेसवाडी हेच नाव पडले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. यावरून असे दिसते की, लहान शहरास मोठे कार्य पेलत नाही हे म्हणणे बरोबर नाही. त्यास रस्ता हवा, आणि ठाण मांडून बसणारा माणूस हवा.

उद्योगधंद्याची साक्षही तीच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेतील नोकरी सोडून बेळगावास आले, आणि तेथूनही कारखाना हलविण्याची पाळी आली तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार झाले, १९२० साली मासिकही निघाले. परंतु धंद्याचा व्याप वाढला तसे मनुष्यबळ, भांडवल व बाजारपेठ यांसाठी मोठी शहरे जवळ करावी लागली. १९४६ साली इंजिनांचा कारखाना पुण्यास आणि विजेच्या यंत्रांचा बंगळुरास निघाला, आणि पुढे मासिकानेही पुण्यास बिऱ्हाड केले. भाव्यांची नाटकमंडळी आणि किर्लोस्करांचे कारखाने यांत साम्य ते काय, असे प्रथमदर्शनी वाटेल; पण दोघांची वाट एकच आहे. रोप लहान वाफ्यात लागते, आणि वाढीस लागले की वाफा अपुरा पडतो.

ही गळती थांबविण्याचा उपाय या दोन शहरांनी कालांतराने ओळखला. एका धन्यावर विसंबण्याऐवजी संस्था उभारणे हा तो उपाय. १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले. तोवर सांगलीच्या मुलास पदवी घ्यावयाची तर घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ते पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, राजाश्रय कायमचा संपला. परंतु या वेळी शहर अप्पासाहेबांच्या पश्चात झाले तसे पोरके झाले नाही. ज्या गोष्टी पूर्वी एका माणसाच्या मर्जीवर चालत, त्या आता अनेकांच्या वर्गणीवर, फीवर आणि सरकारी अनुदानावर चालू लागल्या. तथापि कॉलेज गावात आले तरी पदवीनंतरची नोकरी गावात आली नाही. पूर्वी मुलगा शिकावयास बाहेर जाई; पुढे तो येथे शिकून बाहेर जाऊ लागला. ज्या घरात आईबाप एकटे राहिले, त्या घरास हा फरक फार मोठा वाटत नाही.

खर्चाच्या बाजूस आणखी एक रक्कम आहे, ती संकटाची. २०११ च्या जनगणनेत सांगली, मिरज व कुपवाड मिळून झालेल्या महापालिकेची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. बृहन्मुंबईची त्याच वेळी सुमारे १ कोटी २४ लाख होती. लहान शहराची तिजोरी लहान, तशी त्याची हाकही दूरवर ऐकू जात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढले. निम्मी पेठ पाण्यात गेली, आणि शतकाहून जुन्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून गेले. दुकानातील माल पुन्हा भरता येतो. परंतु चार पिढ्यांनी जमविलेली आणि दुसऱ्या प्रती नसलेली पुस्तके कोठून आणावयाची? महानगरात एक ग्रंथालय गेले तर दुसरे असते. येथे एक गेले म्हणजे गावाची आठवणच जाते.

याच शहराची दुसरी बाजू तीन वर्षे आधी दिसली होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तळमळत असता पहिली पाण्याची आगगाडी निघाली ती मिरजेहून. दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी भरून ती सुमारे ३४० किलोमीटर दूरच्या लातुरास पोचली. रेल्वेचे जंक्शन आणि नदीचे पाणी हे मिरजेचे जुनेच भांडवल. ते त्या वेळी दुसऱ्या एका तहानलेल्या लहान शहराच्या कामी आले.

सारांश, लहान शहरात आरंभ सोपा असतो आणि विस्तार कठीण असतो. तेथे माणूस एकटा पडत नाही, पण एकांतही त्यास मिळत नाही. गुणाची पारख लवकर होते, पण ती करणारे डोळे थोडे असतात. यांतून कोणी काय निवडावे हे ज्याच्या त्याच्या वयावर व व्यवसायावर अवलंबून आहे. परंतु शहराने काय करावे, याविषयी इतिहासाची साक्ष संदिग्ध नाही. जेथे आश्रय एका माणसाचा होता तेथून भावे गेले, पलुस्कर गेले. जेथे विद्या गल्लीने, इस्पितळाने, महाविद्यालयाने जपली तेथे ती राहिली. माणसे जातील, त्यांना अडविता येत नाही आणि अडवूही नये. ती गेल्यावर मागे दार उघडे राहील आणि दिवा लागलेला राहील, एवढी तजवीज मात्र शहराच्या हाती आहे.