महिन्याचे मिथक : रोलाँ बार्थच्या एका सदराची सत्तर वर्षे

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांची शताब्दी साजरी होते, लेखकांची जयंती साजरी होते. नियतकालिकातील सदराचा वाढदिवस मात्र सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. रोलाँ बार्थने १९५४ साली पॅरिसच्या 'ले लेत्र नुव्हेल' या मासिकात 'महिन्याचे छोटे मिथक' अशा अर्थाच्या मथळ्याखाली जे स्फुटलेखन सुरू केले, त्याने आता सत्तरी ओलांडली आहे. १९५७ साली हे लेख 'मितोलोजी' या पुस्तकात आले आणि पुढे सदर विस्मरणात जाऊन पुस्तक तेवढे उरले. त्या विस्मरणामुळे काय निसटले, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

बार्थ तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. क्षयामुळे त्याच्या तारुण्यातील काही वर्षे आरोग्यधामांत गेली होती. १९५३ साली पहिले पुस्तक निघाले होते, पण विद्यापीठात स्थिर जागा नव्हती. मोरिस नादो यांच्या मासिकासाठी त्याने निवडलेले विषय समीक्षकाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते : साबणाची भुकटी, बीफस्टेक व तळलेले बटाटे, ग्रेटा गार्बोचा चेहरा, सायकलींची शर्यत, मुलांची खेळणी, साप्ताहिकांतील राशिभविष्य, प्लॅस्टिक. ऑक्टोबर १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने 'डीएस' ही मोटार मांडली, तेव्हा तिच्या नावाच्या उच्चारात फ्रेंच कानाला 'देवी' हा शब्द ऐकू येतो, हे हेरून त्याने त्या मोटारीची तुलना मध्ययुगीन कॅथेड्रलांशी केली.

मराठी वाचकाची येथे 'मिथक' या शब्दापाशी अडचण होते. आपल्याकडे मिथक म्हटले की देवदेवता आणि पुराणे डोळ्यांसमोर येतात. बार्थला अभिप्रेत असलेले मिथक हे एक बोलणे आहे : जे माणसांनी, विशिष्ट काळी, विशिष्ट हितसंबंधांतून घडवले, ते जणू निसर्गतःच तसे आहे असे भासवणारे बोलणे. इतिहासाला निसर्गाचा वेष चढवला की मिथक तयार होते.

हा विचार त्याला प्रथम सिद्धांत म्हणून सुचला नाही. पुस्तकातील पहिला लेख व्यावसायिक 'कॅच' कुस्तीवरचा आहे. तो १९५२ साली 'एस्प्री' मासिकात आला होता. ही आपल्या तालमीतली कुस्ती नव्हे. निकाल आधीच ठरलेला, वेदना आणि दुष्टपणा शेवटच्या रांगेपर्यंत दिसेल इतका ठळक केलेला, असा तो प्रयोग असतो. बार्थ प्रेक्षकाची कीव करत नाही. लढत खरी की खोटी हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही, त्याला न्याय आणि अन्याय डोळ्यांनी पाहायचे असतात, असे तो सांगतो आणि थेट ग्रीक नाटकाची आठवण काढतो. हा लेख लिहिणाऱ्याने कुस्त्या आवडीने पाहिल्या आहेत, हे वाचताना जाणवते.

पण सदराचा काळ साधा नव्हता. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्जीरियाचा लढा पेटला. बटाट्यांवरच्या लेखात, इंडोचीनमधील तहानंतर सेनापती कास्त्री यांनी तळलेले बटाटे मागितल्याची बातमी येते आणि एका पदार्थातून राष्ट्र कसे बोलते हे तो दाखवतो. मद्यावरच्या लेखाचा शेवट अल्जीरियात होतो. ज्यांची जमीन हिरावली, त्या मुसलमानांच्याच भूमीवर त्यांना निषिद्ध असलेल्या मद्यासाठी द्राक्षे पिकवली जातात, याची तो आठवण देतो. 'मानवाचे महान कुटुंब' हे छायाचित्रांचे अमेरिकी प्रदर्शन पॅरिसला आले, तेव्हा जन्म-मृत्यू-श्रम सर्वत्र सारखेच हा त्याचा संदेश बार्थने नाकारला. १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेल्या एमेट टिल या मुलाच्या आईवडिलांना या महान कुटुंबाविषयी काय वाटते ते विचारा, असे त्याने सुचवले. मरण सर्वांना असते हे खरे, पण कोण कसा मरतो हे इतिहास ठरवतो.

'आजचे मिथक' हा दीर्घ सैद्धांतिक निबंध त्याने यानंतर, १९५६ साली लिहिला. 'पारी-माच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील, सलाम करणाऱ्या फ्रेंच गणवेशातील काळ्या मुलाचे प्रसिद्ध विश्लेषण त्यातले. सोस्यूरची चिन्हमीमांसा येथे अवतरते, आणि पुस्तकात हा निबंध शेवटी येतो.

आमचे गाऱ्हाणे या क्रमाविषयीच आहे. आपल्या वर्गांत बार्थ उलट्या क्रमाने शिकवला जातो. आधी चिन्हक, चिन्हित व दुसऱ्या पातळीवरील अर्थव्यवस्था यांची आकृती फळ्यावर येते. मग विद्यार्थी एखादी जाहिरात घेऊन ती त्या आकृतीत बसवतात. उत्तर आधीच ठाऊक असते. गोरेपणाच्या मलमाची जाहिरात असो वा क्रिकेटचा सामना, निष्कर्ष एकच निघतो. आम्हीही अशा उत्तरांना वर्षानुवर्षे चांगले गुण दिले आहेत, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजीतून वाचणाऱ्यांची आणखी एक अडचण होती. १९७२ च्या अनुवादात त्रेपन्नपैकी अठ्ठावीसच छोटे लेख होते. वसाहतवादी वृत्तपत्रीय भाषेची चिरफाड करणारा 'आफ्रिकी व्याकरण' त्यांत नव्हता. संपूर्ण इंग्रजी पुस्तक २०१२ साली आले.

हा धोका बार्थने स्वतःच ओळखला होता. मिथके उघडी पाडणे हीच एक ठरीव भाषा झाली आहे, कोणताही विद्यार्थी आता ते करू शकतो, असे त्याने १९७१ मध्ये लिहिले आणि तो पुढे निघून गेला. १९५६ च्या निबंधाच्या अखेरीस त्याने आणखी एक किंमत सांगितली होती. मिथकाचा उलगडा करणारा त्या मिथकात रमणाऱ्या समाजापासून तुटतो. मद्य निर्विवाद चांगले आहे, पण मद्याचे मिथकही खरे आहे, आणि या दोहोंविषयी एका दमात बोलण्याची भाषा त्याच्यापाशी नाही.

आमच्या मते छोटे लेख ती भाषा शोधताना दिसतात. त्यांना तारीख आहे, वस्तू आहे, तिच्याविषयीची ओढ आहे आणि संताप आहे. दर महिन्याच्या निकडीने लेखकाला समोर जे घडले त्याच्याकडे पाहायला भाग पाडले. सिद्धांत त्या पाहण्यातून आला. म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. एखाद्या सत्रात फळ्यावरची आकृती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी. विद्यार्थ्यांनी दर महिन्याला, त्या महिन्यात स्वतःला मनापासून आवडलेल्या एका गोष्टीवर दोन पाने लिहावीत, आणि ती का आवडली हे सांगितल्याशिवाय तिच्यातले मिथक शोधू नये. गुण देणे आम्हाला अवघड जाईल. पण उत्तर आधीपासून ठाऊक नसलेली उत्तरपत्रिका तरी हाती येईल.