महाराष्ट्रांतील मुसलमान आणि सरकारी चौकशा

सरकार एखाद्या समाजाची चौकशी करूं लागलें म्हणजे त्या समाजाला आपले दिवस पालटणार असें वाटतें, आणि शेजाऱ्यांना त्यांत पक्षपात दिसतो. महाराष्ट्रांतील मुसलमानांच्या वांट्याला गेल्या दीडशे वर्षांत अशा चौकशा अनेक आल्या. त्यांचे अहवाल जाडजूड आहेत व ते वाचणारे थोडे. ते एकापुढें एक ठेवून वाचले असतां असें ध्यानांत येतें कीं, सरकारनें ज्या तऱ्हेचा प्रश्न विचारला त्या तऱ्हेचाच मुसलमान त्याला सांपडला.

जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणें जिल्ह्याविषयींचा अठरावा खंड १८८५ सालीं तीन भागांत बाहेर पडला. त्यांत ‘मुसलमान’ नांवाचा एकजिनसी समाज वाचकास भेटत नाहीं. भेटतात ते अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, मणियार, कसाई. प्रत्येकाचा धंदा निराळा व राहणी निराळी. घरांत हिंदुस्थानी व बाहेर मराठी बोलणारे हे लोक आहेत, असें त्यांतील अनेकांविषयीं नमूद केलेलें आहे. अमका वर्ग काटकसरी, तमका व्यसनी, असे शेरे मारण्यांत ग्रंथकारांना मुळींच संकोच वाटत नाहीं, व ते शेरे आज वाचतांना हसूं येतें. तथापि ज्यानें हें लिहिलें त्यानें बाजार पाहिला होता, एवढें कबूल केलें पाहिजे. पवनेच्या कांठचें रावेत तेव्हां एक खेडें होतें. अशा खेड्यांना कापूस पिंजणारा व बांगड्या भरणारा हीं माणसें ओळखीचीं होतीं. मुलाणा तर बलुतेदारांच्या कांहीं याद्यांत गांवगाड्याचाच एक घटक म्हणून गणलेला आढळतो.

याच सुमारास दुसऱ्या प्रकारची चौकशी सुरू झाली होती. सर विल्यम हंटर यांनीं १८७१ सालीं हिंदी मुसलमानांवर आपलें गाजलेलें पुस्तक लिहिलें. त्यांतील माहिती बहुतेक बंगालची, परंतु निष्कर्ष साऱ्या हिंदुस्थानाला लावले गेले. पुढें १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं शिक्षणविषयक कमिशन नेमलें, त्याचें अध्यक्षपदही हंटर यांजकडेच आलें. या कमिशनपुढें महात्मा फुले यांनीं दिलेलें निवेदन प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसास ऐकून तरी माहीत असतें. त्याच कमिशननें मुसलमानांच्या शिक्षणाविषयीं सतरा शिफारशी केल्या होत्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्यें झालेली होती. तिचे धुरीण बद्रुद्दीन तय्यबजी यांचीही साक्ष या कमिशनपुढें झाली.

या सतरांपैकीं दोन शिफारशी मला फार महत्त्वाच्या वाटतात. प्राथमिक व माध्यमिक शाळांत मुसलमान मुलांना हिंदुस्थानी भाषेंतून शिकवावें, मात्र जेथें त्या समाजाला दुसरी भाषा हवी असेल तेथें तसें करूं नये, ही पहिली. शिक्षणखात्याच्या वार्षिक अहवालांत मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र भाग असावा, ही दुसरी. पहिल्या शिफारशींतील अपवाद महाराष्ट्राला किती लागू होता हें गॅझेटियर वाचणारास सहज समजेल. कोंकणांतल्या मुसलमानाची बोली कोंकणी, देशावरच्या बागवानाचा व्यवहार मराठींत. पण शाळेचा प्रश्न निघाला म्हणजे उर्दू हीच त्याची भाषा असें सरकारानें व पुढाऱ्यांनींही धरून चालावें असा परिपाठ पडत गेला. पुढें हमीद दलवाई यांनीं २२ मार्च १९७० रोजीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलें, तेव्हां मुसलमान मुलांनीं प्रादेशिक भाषेंतून शिकावें हा त्यांच्या आग्रहाचा एक विषय होता. १८८२ चा अपवाद ते जणूं नव्यानें मागत होते. दुसऱ्या शिफारशीनें मुसलमानांचा एक वेगळा रकाना कायमचा झाला. १९०९ च्या सुधारणांनीं स्वतंत्र मतदारसंघ आल्यावर त्या रकान्यांतील आंकड्याला कायदेमंडळांतील जागांचें मोल आलें, आणि पिंजारी व अत्तार त्यांत दिसेनासे झाले.

करवीरच्या शाहू छत्रपतींनीं याच काळांत अगदीं उलट वाट धरली. २६ जुलै १९०२ च्या त्यांच्या हुकुमानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. मागासलेले कोण, याची चौकशी करीत ते बसले नाहींत. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व, अशी सरळ व्याख्या त्यांनीं केली. मुसलमान त्यांत आपोआप आले. १९०६ सालीं कोल्हापुरांत मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं संस्था निघाली, तिलाही महाराजांचा आधार होता. अहवालाशिवाय राज्य चालवितां येत नाहीं असें मानणाऱ्या आमच्या काळानें हें उदाहरण अवश्य पाहावें.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न कांहीं वर्षें झांकून राहिला. तो महाराष्ट्रांत पुन्हा उघडला तो कोणत्याही कमिशननें नव्हे, तर धंदेवाईक जातींतल्या मुसलमानांनींच. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी व त्यांचे सहकारी यांनीं चालविलेल्या चळवळीची मागणी साधी होती: आम्हांला ‘मुसलमान’ म्हणून सवलत नको, आम्ही बागवान, पिंजारी, मोमीन आहों, आमच्याच धंद्याच्या हिंदु जातींना जें मिळतें तें आम्हांलाही द्या. दिलीपकुमारांसारखा नट या चळवळीच्या व्यासपीठावर येऊन बसला, हें तिचें आणखी एक वैशिष्ट्य. १९९४ च्या डिसेंबरांत राज्य सरकारनें ही मागणी मान्य केली. कॅम्बेलच्या ग्रंथांतलीं नांवें अशा रीतीनें शंभर वर्षांनीं सरकारी कागदांवर परत आलीं.

९ मार्च २००५ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांनीं न्यायमूर्ति राजिंदर सच्चर यांची समिति नेमली. तिचा अहवाल ३० नोव्हेंबर २००६ रोजीं संसदेपुढें ठेवण्यांत आला. २००१ च्या खानेसुमारींत देशांत मुसलमान शेंकडा १३.४ होते, भारतीय प्रशासन सेवेंत ते शेंकडा ३ व पोलीस सेवेंत शेंकडा ४ निघाले. मुसलमानांचीं मुलें मदरशांतच जातात हा आपल्या घरोघरचा समज. समितीला शाळेच्या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ३ च तेथें आढळलीं. या अहवालाचें दहावें प्रकरण मागास मुस्लिम जातींवर आहे, म्हणजे जुना धडा अगदींच विसरला गेला नव्हता. स्त्रियांवर मात्र बारांपैकीं एकही स्वतंत्र प्रकरण नाहीं. १८ एप्रिल १९६६ रोजीं दलवाईंनीं सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला होता, हें ज्यांना आठवतें त्यांना ही उणीव खटकल्यावांचून राहत नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें २००८ सालीं महमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र अभ्यासगट नेमला. अहवाल २०१३ च्या ऑक्टोबरांत हातीं आला व त्यांत शेंकडा ८ आरक्षण सुचविलें होतें. सरकारनें जुलै २०१४ च्या वटहुकुमानें शेंकडा ५ दिलें, तेंही ५० मुस्लिम जातींपुरतें. मुंबई उच्च न्यायालयानें १४ नोव्हेंबर २०१४ रोजीं नोकऱ्यांतील तरतूद स्थगित केली, परंतु शिक्षणापुरती ती चालूं दिली. तोंपर्यंत सरकार बदललें होतें. डिसेंबरांत वटहुकुमाची मुदत संपली, त्याचें कायद्यांत रूपांतर झालें नाहीं, आणि मार्च २०१५ मध्यें संबंधित आदेशही रद्द झाले. न्यायालयानें जो भाग राखला तोच विधिमंडळानें गळूं दिला! पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें दुसऱ्या सरकारनें टाटा समाजविज्ञान संस्थेकडे ५६ शहरांतील मुसलमानांच्या नव्या पाहणीचें काम सोंपविलें. पहिल्या अहवालाचें काय झालें हें न सांगतां दुसरा मागविणें ही आमच्या राज्यकारभाराची जुनी खोड आहे.

आतां रावेत खेडें राहिलेलें नाहीं. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आलें. शहराला लागणारें पवनेचें पाणी तेथल्याच बंधाऱ्यापाशीं उचललें जातें, आणि नदीकांठच्या शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत. चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या पट्ट्यांत मराठवाड्यांतून व उत्तरेकडून आलेले मुसलमान कामगार, वाहनचालक, भंगारवाले आहेत. चिखली-कुदळवाडींतील भंगाराचीं दुकानें व शेड फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें हजारोंनीं पाडलीं, तेव्हां हा वर्ग वर्तमानपत्रांत चार दिवस दिसला. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखालीं गोखले संस्थेनें पुण्याची जी पाहणी केली व १९४५ आणि १९५२ सालीं दोन भागांत छापली, तींत कुटुंबाची मिळकत व धंदा यांचा हिशेब बारकाईनें मांडलेला आहे. असें काम या पट्ट्यासाठीं कोणीतरी अंगावर घेण्याजोगें आहे.

३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें पुढील खानेसुमारींत जातही नोंदविण्याचा निर्णय जाहीर केला. लातुराकडून आलेल्या एखाद्या पिंजाऱ्याचा मुलगा चाकणच्या कारखान्यांत क्रेन चालवितो व रावेतला भाड्याच्या खोलींत राहतो असें समजा. गणना करणारा दारांत उभा राहून जात विचारील, तेव्हां बापानें सोडलेल्या धंद्याचें नांव तो सांगेल, कीं नुसतें ‘मुसलमान’ म्हणून दार लावून घेईल?