दोन मोटारींची कथा

मोटारीचा इतिहास लिहिणारे वेगाचा आणि ऐटीचा हिशेब मांडतात. भाराचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. वास्तविक साधी विक्रीची मोटार मधोमध कापून लांब करावयाची झाली, म्हणजे तिची खरी परीक्षा सुरू होते. जिच्या तळाशी स्वतंत्र पोलादी चौकट असते, तिची चौकट तेवढी वाढविली की वर हवी तशी पेटी चढविता येते. परंतु जिचे सारे अंगच एकसंध जोडलेले असते, तिला कापणे म्हणजे तिचा कणा मोडण्यासारखेच आहे.

या भेदाचा विचार करताना आम्हांस २२ नोव्हेंबर १९६३ हा दिवस आठवतो. डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी ज्या मोटारीत बसले होते ती १९६१ सालची लिंकन कॉन्टिनेंटल, एकसंध अंगाची. सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कंपनीने ती कापून सुमारे साडेतीन फूट लांबविली आणि जागोजाग पोलादी आधार दिले. तिचे पारदर्शक छत गोळी अडविणारे नव्हते. त्या दिवशी तेही काढलेले होते.

त्याच दुपारी पार्कलंड रुग्णालयातून त्यांची शवपेटी विमानतळावर गेली ती १९६४ च्या नमुन्याच्या कॅडिलॅक शववाहिनीतून. तिची पेटी मिलर-मिटिऑर कंपनीची. सांगाडा मात्र कॅडिलॅकने अशा कामासाठीच घडविलेला. त्या कंपनीच्या नेहमीच्या सेडानच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर १२९.५ इंच, तर या सांगाड्याचे १५६ इंच.

जिवंत राष्ट्राध्यक्षासाठी कापून जोडलेली मोटार आणि मृतासाठी कारखान्यातच योजलेला सांगाडा, हा योगायोग विलक्षण खरा. पण त्याचे कारण व्यवहारात आहे. शववाहिनीला दरसाल गिऱ्हाईक असते. राष्ट्राध्यक्षाची मोटार एखादीच लागते. जेथे मागणी नित्याची, तेथे कारखाना आधीच विचार करतो. जेथे ती एकट्याची, तेथे कारागिराला करवत हाती घ्यावी लागते.

ती लिंकन पुढे चिलखती पत्रे व कायमचे छत बसवून १९७७ पर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत राहिली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. स्वतंत्र चौकटीच्या लिंकन टाऊन कारवर लांब मोटारी आणि शववाहिन्या दोन्ही बनत. तिचे उत्पादन २०११ साली थांबले. आता बहुतेक सेडान एकसंध अंगाच्याच असतात. शेवटच्या प्रवासाचे वाहनही त्यामुळे पुष्कळदा कापूनच लांब करावे लागते.