तळटीप १४ : कोणता बाजीराव?
१४. बाजीराव : या नावाचे पेशवे दोन. थोरले बाजीराव (पेशवेपद १७२०–१७४०) नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. दुसरे बाजीराव रघुनाथरावांचे पुत्र, म्हणजे थोरल्यांचे सख्खे नातू. आजोबांचे नाव नातवाला ठेवायच्या रिवाजाने नाव मिळाले, तलवार मिळाली नाही. १८१८ साली ते ब्रिटिश अधिकारी माल्कमला शरण गेले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत कानपूरजवळ बिठूरला राहिले. लोकांनी त्यांना ‘पळपुटा’ करून टाकले.

मजकुरातली आई मुलाला ‘मोठा बाजीराव लागून गेलास’ म्हणते, तिथे मात्र दोघांपैकी कुणीच शोधू नये. ताटावर बसल्या जागेवरून पाणी मागणारा, तो घरोघरचा बाजीराव. (प्रस्तुत संपादकानेही हे ऐकून घेतले आहे.) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ कादंबरीचा नायक थोरला, २०११च्या हिंदी चित्रपटातला इन्स्पेक्टर बाजीराव सिंघम निव्वळ काल्पनिक, नाव मराठी आणि आडनाव मूळ तमिळ चित्रपटातून आलेले.

रशियनांकडे ‘इव्हान’चे असेच. १५४७ साली झार म्हणून अभिषेक झालेला चौथा इव्हान, लोककथांतला चुलीवर लोळणारा वेडा इव्हान, टॉलस्टॉयचा मरणपंथाला लागलेला न्यायखात्यातला इव्हान इलिच, सगळे एका नावाचे. चौथ्याच्या ‘ग्रोझ्नी’ या बिरुदाचे ‘भयंकर’ हे भाषांतर रूढ असले, तरी ‘दरारा असलेला’ अधिक जवळचे.