मनाउस : रबराच्या पैशाचं शहर

माझा मुलगा नोकरीनिमित्त साव पावलोला असतो. आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, "आई, रिओ बघायचं की ॲमेझॉन?" तीस-पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा असतो का! चार तासांच्या विमानप्रवासानंतर मनाउसला उतरलो. समुद्रापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर आत, जंगलाच्या मधोमध वीस लाखांहून जास्त वस्तीचं शहर.

शहर रिओ नेग्रोच्या काठावर आहे. नेग्रो म्हणजे काळी, आणि पाणी खरोखरच कोऱ्या चहासारखं. थोडं पुढे सोलिमोइस नावाची गढूळ, पिवळट नदी तिला मिळते. दोघींचं तापमान, वेग, घनता वेगवेगळी, त्यामुळे सुमारे सहा किलोमीटर काळं आणि पिवळं पाणी शेजारी शेजारी वाहतं, एकमेकांत मिसळत नाही. होडीतून दोन्हींत हात बुडवून पाहिला, फरक कळतो.

शहराचं नाव मनाओस या आदिवासी जमातीवरून आलं. पोर्तुगीजांनी १६६९ मध्ये इथे किल्ला बांधला. मनाओसांचा नायक अझुरिकाबा याने त्यांच्याशी झुंज दिली. १७२७ च्या सुमारास त्याला पकडून नेत असताना त्याने बेड्यांसकट नदीत उडी घेतली, असं सांगतात. आज नाव राहिलं, जमात राहिली नाही.

पुढे शहराचं नशीब रबराने उघडलं. १८३९ मध्ये गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर केला, आणि सगळ्या जगाला रबर हवं झालं. ते झाड तेव्हा ॲमेझॉनच्या जंगलातच होतं. त्या पैशातून १८९६ च्या ३१ डिसेंबरला तेआत्रो आमाझोनास हे ऑपेराचं थिएटर उघडलं. संगमरवर इटलीचा, काचेची झुंबरं मुरानोची, घुमटावर रंगीत कौलं ३६ हजार! आत खांबांवर मोझार्ट, व्हर्दी, मोलिएर यांच्या नावांचे मुखवटे आहेत. रबर गोळा करणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे दिसलं नाही.

ते लोक कोण होते? १८७७ च्या भीषण दुष्काळात सेआरा प्रांतातून हजारो माणसं पोटासाठी इकडे आली. पहाटे अंधारात जंगलात जायचं, झाडाला तिरके काप द्यायचे, चीक गोळा करून धुरावर आटवायचा. अन्न, हत्यारं, कपडे मालकाच्याच दुकानातून उधारीवर, भाव मालकाचा, वहीही त्याचीच. आपल्याकडच्या सावकाराच्या वहीहून वेगळं काय? कर्ज फिटेपर्यंत सुटका नाही, आणि कर्ज फिटतच नसे. पुतुमायोच्या खोऱ्यात तर आदिवासींवर चाबूक आणि खून यांचं राज्य होतं. रॉजर केसमेंटने १९१० मध्ये तिथे जाऊन चौकशी केली, त्याचा अहवाल १९१२ मध्ये छापला गेला तेव्हा जग हादरलं.

आणि हे वैभव टिकलं किती? हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये टापाजोस नदीकाठून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. खर्च लंडनच्या इंडिया ऑफिसचा, म्हणजे हिशेब आपल्याच खात्यावर! रुजल्या जेमतेम २,७००. त्यातली रोपं सिलोनला गेली, पुढे मलायात मळे झाले. ॲमेझॉनमध्ये मळे लावले की पानांवर करपा पडून ते मरत. आशियात तो रोग नव्हता. १९१३ मध्ये आशियाच्या मळ्यांचं रबर ब्राझीलच्या रबरापेक्षा जास्त झालं आणि मनाउसची सद्दी संपली. १९६७ मध्ये करमुक्त क्षेत्र झालं तेव्हा शहर पुन्हा उभं राहू लागलं. आज तिथे मोटरसायकली आणि टीव्ही बनतात.

आता नदीच हिशेब मागते आहे. बंदरात १९०२ पासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये पाणी ३०.०२ मीटरवर चढलं, २०२३ मध्ये १२.७० वर उतरलं, आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली. तीन वर्षांत दोन्ही टोकं.

आपल्या दोडामार्गाकडे आता रबराच्या बागा आहेत. तिकडे गेलात तर झाडांवरचे तिरके काप जरूर पाहा. त्या झाडांचं माहेर ॲमेझॉनचं आहे, आणि तिथे असेच काप देणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.