कधीच समाधानी नसलेली

विजेवर चालणारी मोटार ही आपल्या डोळ्यांदेखत जन्मलेली नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. सणासुदीला घरात चार माणसे जमली, की एखादा तरुण भाचा तिची बाजू घेऊन तावातावाने बोलू लागतो; आणि आयुष्यभर गिअर बदलण्यात धन्यता मानलेले एखादे मामा त्याला म्हणतात, “अरे, जिला आवाज नाही ती मोटार कसली? ती तर शिवणाचे यंत्र!” वाद रंगतो, चकल्यांचा डबा रिकामा होतो, पण वाद काही मिटत नाही. मिटणार तरी कसा? तो सव्वाशे वर्षांचा जुना वाद आहे. त्याचा पहिला डाव विजेच्या मोटारीनेच जिंकला होता, आणि तोही वेगाच्या मैदानावर, ही गोष्ट मात्र भाच्याच्याही गावी नसते आणि मामांच्याही.

पॅरिसच्या वायव्येला अशेर नावाचे ठिकाण आहे. तेथला रस्ता सरळ आणि सपाट. १८ डिसेंबर १८९८ रोजी एका फ्रेंच मोटार-नियतकालिकाने तेथे वेगाची चाचणी ठेवली. काउंट गास्तों द शास्लू-लोबा या सरदारी घराण्यातल्या गृहस्थाने झांतो कंपनीची विजेची गाडी एक किलोमीटर अंतर ५७ सेकंदांत पळवली. हिशेब केला तर ताशी ६३ किलोमीटर. आजचा कॉलेजकुमार स्कूटरवरून याहून जोरात जातो आणि बापाची बोलणी खातो. पण जमिनीवरच्या मोटारीच्या वेगाचा पहिला विक्रम म्हणून इतिहासाने नोंदवला आहे तो हाच.

ही वार्ता कामिय झेनाट्झी या बेल्जियन इंजिनिअराच्या कानी गेली. हा गडी पॅरिसमध्ये विजेच्या भाड्याच्या गाड्या बनवण्याच्या धंद्यात होता. दाढी तांबूस, स्वभाव तापट, आणि त्यावरून पुढे लोकांनी त्याचे नाव पाडले ‘तांबडा सैतान’. त्याने काउंटाला आव्हान दिले. १७ जानेवारी १८९९ रोजी दोघे अशेरला समोरासमोर आले. झेनाट्झीने ६६ किलोमीटरचा वेग गाठला. काउंटाने त्याच दिवशी तो मोडून ७० वर नेला. दहा दिवसांनी झेनाट्झी परत आला, ८० करून गेला. मार्चमध्ये काउंटाने ९२ केले. दोन पोरांनी पतंग लावावेत तसा हा प्रकार चालला होता. मात्र या सगळ्या चढाओढीत पेट्रोलच्या गाडीचे नावदेखील नव्हते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दोन्ही प्रतिस्पर्धी विजेचेच होते.

मग झेनाट्झीने खास वेगासाठी म्हणून गाडी बांधवून घेतली. हलक्या मिश्रधातूच्या पत्र्याची, दोन्ही टोकांना निमुळती, एखाद्या प्रचंड सिगारसारखी. मागच्या चाकांना दोन विद्युत मोटरी, आणि पोटात बॅटऱ्याच बॅटऱ्या. वारा कापण्यासाठी एवढा खटाटोप करून तिचा कर्ता स्वतः मात्र कमरेपासून वरचा सगळा बाहेर, उघड्या वाऱ्यात बसलेला! तिचे नाव त्याने ठेवले ‘ला झामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधानी नसलेली’. हे वर्णन गाडीचे की मालकाचे, हे सांगणे अवघड आहे. एप्रिलच्या अखेरीस या गाडीने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडली ती विजेच्या बळावर.

हे कसे घडले, ते समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. पेट्रोलचे इंजिन जागच्या जागी उभे असताना निर्बळ असते. त्याला आधी फिरते करावे लागते, मग त्याचे फेरे वाढवावे लागतात, मग क्लच आणि गिअर यांच्या मध्यस्थीने त्याचा जोर चाकांपर्यंत न्यावा लागतो. विजेच्या मोटरीचे तसे नाही. प्रवाह सोडला की पहिल्याच क्षणी ती आपला सबंध जोर लावते. आपले ड्रायव्हर ज्याला ‘पिक-अप’ म्हणतात, तो तिला जन्मजात मिळालेला आहे. मुंबईकरांना ७ मे १९०७ रोजी पहिल्यांदा जिचे दर्शन झाले, त्या विजेच्या ट्रामचीही किल्ली हीच. घोड्यांना हुसकून लावायला तिला ना चाबूक लागला, ना गिअर.

मग एवढी गुणी गाडी मागे का पडली? तेलवाल्यांनी कारस्थान करून तिचा गळा दाबला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. खरा दोष तिच्या पोटातच होता. शिशाच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम तीस-चाळीस वॅट-तास शक्ती मावते. एक किलो पेट्रोलात ती बारा हजारांच्या घरात असते. इंजिनाने त्यातली तीन-चतुर्थांश उष्णतेत उधळून टाकली, तरी उरलेल्या चतकोरापुढे बॅटरी कोठल्या कोठे राहते. झेनाट्झीची गाडी किलोमीटरभर पळायची म्हणून पळाली. तिला तशाच वेगाने दूरच्या गावी जा म्हटले असते, तर वाटेतच तिची समाधी लागली असती.

तरीही पहिली काही वर्षे तिची सद्दी होती. १९०० साली अमेरिकेत ज्या सुमारे चार हजार मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल विजेच्या पंधराशेंवर, आणि पेट्रोलच्या हजाराच्याही आत. शहरातल्या श्रीमंतांना विजेचीच गाडी आवडे. इंग्लंडात चार्ल्स रोल्सनेही, म्हणजे पुढे रॉइसबरोबर भागीदारी करून अजरामर झालेल्या रोल्सनेच, १९०० साली तिच्या नीरव आणि निर्मळ चालीची तारीफ केली होती. फक्त जागोजाग चार्जिंगची सोय झाल्याखेरीज तिचा उपयोग नाही, अशी पुस्ती त्याने जोडली. सव्वाशे वर्षे झाली, ती पुस्ती अजून शिळी झालेली नाही.

या काळातल्या ऐषारामी विजेच्या गाडीचा नमुना पाहायचा तर ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ पाहावी. १९०७ पासून ती बाजारात आली. उंच, चौफेर काचा असलेली, आत गादीच्या बैठका, फुलदाणी. चाकावर ठेवलेला दिवाणखानाच तो. सुकाणू म्हणजे आडवा दांडा. वेग ताशी वीस-पंचवीस मैल, पण आवाज नाही, धूर नाही, हाताला तेल लागत नाही. आणि या गाडीच्या चाहत्यांत एक नाव असे आहे, की ते वाचून हसू आवरत नाही. क्लारा फोर्ड! साऱ्या जगाला पेट्रोलच्या मोटारीत बसवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी स्वतः विजेची गाडी चालवी. तिची १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक डिअरबॉर्नच्या फोर्ड संग्रहालयात जपलेली आहे.

क्लाराबाईंचे काही चुकले होते, असे म्हणवत नाही. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारावे लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांनी हा पराक्रम पुष्कळ केला आहे. हँडल नेमके उलटले, तर मनगट गेलेच. हे काम बायकांचे नव्हे, असे तेव्हाचे पुरुष म्हणत; मला विचाराल तर ते पुरुषांचेही नव्हते. पण झाले असे की विजेच्या गाडीवर ‘बायकांची गाडी’ असा शिक्का बसला. एकदा तो बसल्यावर पुरुषांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कारखानदारांनीही फुलदाण्या आणि पडद्यांच्या जाहिराती करकरून तो शिक्का आणखी गडद केला. आजचे मामा ‘शिवणाचे यंत्र’ म्हणतात, ते बहुधा तेव्हापासूनचे उरलेले आहे.

आता या कथेतला सर्वांत चमत्कारिक प्रसंग. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँडचा एक स्नेही रस्त्यात अडलेली गाडी सुरू करून द्यायला गेला, हँडल उलटून जखमी झाला आणि त्यातच दगावला, अशी हकीकत सांगतात. तिच्या तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. एवढे खरे, की लेलँडने हँडलाचा निकाल लावायचे ठरवले आणि चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराला गाठले. केटरिंगने त्यापूर्वी डेटन गावी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून दिली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर दिवसभर फिरावी लागत नाही. क्षणभर जोर लावला की भागते. हाच हिशेब त्याने मोटारीला लावला. इंजिन सुरू करणारी मोटर क्षणभरच फिरायची आहे, तेव्हा ती लहान असली तरी चालेल, बॅटरीही लहान चालेल, आणि गाडी धावू लागली की इंजिनच ती बॅटरी पुन्हा भरील. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना हा ‘सेल्फ’ बसला. विजेच्या गाडीचा घात केला तो एका इवल्याशा विजेच्या मोटरीने. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. इथे घरचाच वासा शत्रूच्या घराला जाऊन लागला.

बाकीचे काम किमतीने केले. डेट्रॉइट इलेक्ट्रिकसाठी अडीच-तीन हजार डॉलर मोजावे लागत. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरांना निघाली आणि १९२५ पर्यंत २६० वर आली. टेक्ससमध्ये १९०१ साली स्पिंडलटॉपच्या विहिरीने आकाशात तेलाचा फवारा उडवला होता, तेव्हा पेट्रोलला तोटा नव्हता. उलट वीज अजून शहरांची वेस ओलांडायला तयार नव्हती. १९३० च्या सुमारासही अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी एकाच घरी दिवा लागत होता. ज्याच्या घरात दिवा नाही, तो मोटारीला वीज कोठून घालणार? एडिसनने निकेल आणि लोखंडाच्या बॅटरीवर वर्षानुवर्षे डोके फोडले. १९१४ साली त्याने आणि फोर्डने मिळून स्वस्त विजेची गाडी काढायचा मनसुबाही जाहीर केला. ती गाडी आली नाही.

पुढची ऐंशी वर्षे पेट्रोलची. त्या काळाची टिंगल करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. चार दरवाजे, मागे बायकापोरे, आणि बॉनेटखाली शर्यतीच्या गाडीचे काळीज, ही कल्पना याच काळात फळाला आली. १९६८ साली मर्सिडीझने आपल्या थोरल्या, संथ सेडानमध्ये ६.३ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले. बाहेरून बँकेच्या चेअरमनची गाडी, आणि वेग ताशी २२० किलोमीटरच्या घरात. १९८० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यूची एम-५ आली, २८६ अश्वशक्तीची. २००५ मध्ये तिच्याच वंशात दहा सिलिंडरांचे इंजिन आले, मिनिटाला आठ हजारांवर फेरे घेणारे. त्याचा आवाज ज्याने ऐकला, तो मामांच्या पक्षाला जाऊन मिळाला तर मी त्याला दोष देणार नाही. इंजिनाचे फेरे चढत जाताना त्याचा सूर बदलतो, गाडी आपल्याशी बोलते. विजेची गाडी निमूटपणे ढकलते, पण बोलत नाही.

तिला पुन्हा उठवले ते मोटारवाल्यांनी नव्हे, कॅमेरेवाल्यांनी आणि संगणकवाल्यांनी. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियमची बॅटरी बाजारात आणली ती हातात धरायच्या लहानसहान यंत्रांसाठी. तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिशाच्या पाच-सहापट शक्ती तिच्यात मावते. टेस्ला कंपनीने अशाच बारक्या बॅटऱ्या हजारोंनी एकत्र बांधून २००८ मध्ये एक छोटी गाडी काढली, आणि २०१२ मध्ये मॉडेल एस ही सेडान. तिची मोठी आवृत्ती एका चार्जिंगमध्ये सव्वाचारशे किलोमीटर जाई. रोल्सच्या पुस्तीला प्रथमच अर्धेमुर्धे उत्तर मिळाले. २०२१ च्या मॉडेल एसला तर हजारावर अश्वशक्ती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे थांब्यापासून ताशी साठ मैल गाठायला तिला दोन सेकंद लागतात. एवढ्यात माणूस ‘अरे बापरे’ म्हणतो न म्हणतो.

जर्मनीतले उत्तर २०१९ साली आले, आणि ते पोर्शचे यावे यात इतिहासाची थोडी गंमत आहे. फर्डिनांड पोर्श हा व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत होता तेव्हा त्याने चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसवलेली गाडी बनवली होती. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडलेली होती. मग त्याचा आणि त्याच्या वंशजांचा सारा लौकिक पेट्रोलवर उभा राहिला. एकशेएकोणीस वर्षांनी त्याच्या नावाची कंपनी विजेकडे परतली ती ‘टायकान’ ही सेडान घेऊन. तिच्या वरच्या प्रतीला त्यांनी नाव दिले ‘टर्बो’. आता टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारे यंत्र, आणि या गाडीला इंजिनच नाही! सुनेने सासरी आल्यावर माहेरचे आडनाव हट्टाने लावावे, तसे हे झाले. नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नागमोडी फेऱ्याला टायकानने २०१९ मध्ये ७ मिनिटे ४२ सेकंद घेतली. २०२४ मध्ये तिच्याच भारी भावंडाने ७ मिनिटे ७ सेकंदांत तो पुरा केला.

म्हणून भाच्याने फार हुरळून जाऊ नये. टायकानचे वजन सव्वादोन टनांच्या पुढे. वळणावर हा भार लपत नाही, फक्त कौशल्याने सावरला जातो. पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. इथे उत्तमातला उत्तम चार्जर मिळाला तरी वीस-बावीस मिनिटे धरावीत. आणि वीज कोळशाची असेल, तर धूर रस्त्यावरून उठून वीजघराच्या चिमणीत गेला एवढेच. पण मामांनाही एक बातमी सांगावी लागेल. २०२४ सालची एम-५ बाजारात आली ती आठ सिलिंडरांच्या इंजिनाबरोबर विजेची मोटरही पोटात घेऊन, आणि तिचे वजन टायकानहून जास्त भरले!

आवाजाचे तर काय सांगावे. एकेकाळी पेट्रोलच्या गाडीच्या आवाजाने घोडे बुजतात म्हणून लोक ओरडत. २०१९ पासून युरोपात नव्या प्रकारच्या विजेच्या गाड्यांनी संथ चालताना मुद्दाम आवाज केलाच पाहिजे, असा कायदा आहे, कारण त्या पायी चालणाऱ्याला ऐकूच येत नाहीत. बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या गाड्यांचे सूर बसवायला हान्स झिमर या चित्रपट-संगीतकाराला बोलावले. गाडीला आवाज यावा म्हणून चाल बांधून घ्यायची वेळ आली!

राहता राहिला झेनाट्झी. ‘कधीच समाधानी नसलेली’ गाडी त्याच्याही समाधानाला पुरली नाही. वेगाचा विक्रम १९०२ मध्ये आधी वाफेने आणि मग पेट्रोलने हिरावून नेला, तेव्हा या विजेच्या वीराने पक्ष बदलला. १९०३ साली आयर्लंडात झालेली गॉर्डन बेनेट शर्यत त्याने जिंकली ती पेट्रोलच्या मर्सिडीझवर. तीही उसनी, कारण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या कारखान्याच्या आगीत जळून गेल्या होत्या आणि एका अमेरिकन धनिकाची गाडी मागून आणावी लागली होती. आपल्याला मरण येईल ते मर्सिडीझमध्येच, असे तो म्हणत असे. १९१३ साली आर्देनच्या रानात मित्रांबरोबर शिकारीला गेला असता थट्टा म्हणून तो झुडपाआड लपून जनावराचा आवाज काढू लागला. तो आवाज इतका हुबेहूब होता की एका मित्राने गोळी झाडली. त्याला घाईघाईने गाडीत घालून इस्पितळाकडे नेले. प्राण वाटेतच गेला. गाडी मर्सिडीझ होती.

त्याची विजेची गाडी पॅरिसच्या उत्तरेला कोंपिएन्यच्या राजवाड्यातील वाहनसंग्रहात जपून ठेवली आहे. चालकाची जागा तशीच आहे, उघडी, वाऱ्याला छाती देऊन बसायची.